मुलांना सवयी लावण्याआधी

शाळेत आरोग्यावर भाषण असलं की पाहुणे नेहमीच्या गोष्टी सांगतात. सकाळी पोटभर नाश्ता करा, पालेभाज्या खा, भरपूर पाणी प्या, रोज तासभर खेळा, आठ तास झोपा, व्यसनांपासून दूर राहा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण समोर सतरंजीवर बसलेली मुलं एका घरातली नसतात. खामगाव शहरातला मुलगा सायकलवर पाच मिनिटांत शाळेत पोचतो. संग्रामपूर तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते आणि मग एसटी पकडते. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्यातल्या भिंगारा, चाळीस टापरीसारख्या वस्तीतला आदिवासी मुलगा शिकण्यासाठी घर सोडून वसतिगृहात राहतो. सिंदखेड राजा, लोणार भागातल्या काही मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर जातात. मग घर नावाला आजीकडे असतं, चालवते मात्र नववीतली मुलगी. या चौघांना ‘नाश्ता करा’ हे एकच वाक्य सांगितलं, तर ते पाळणं पहिल्याच मुलाला जमतं.

बुलढाणा जिल्ह्यातले पालक, शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई आणि गावातली जाणती माणसं यांच्यासाठी हे लिहितो आहे. दहा ते एकोणीस या वयात सवयी मुलांच्या मर्जीने जितक्या ठरतात, त्याहून जास्त त्यांच्या वाट्याला काय आलं आहे यावर ठरतात. म्हणून आधी अडचण विचारा, ती हलवा, मग सवयीचं बोला.

युरोप आणि कॅनडात जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने दर चार वर्षांनी अकरा, तेरा आणि पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांची मोठी आरोग्य पाहणी होते. १९८३ पासून ती चालू आहे. त्या मुलांना वडिलांचा पगार कोणी विचारत नाही, कारण मुलांना तो नीट माहीत नसतो. घरात तुला स्वतःची खोली आहे का, गाडी आहे का, संगणक किती, न्हाणीघरं किती, असं विचारतात. या साध्या उत्तरांवरून घराची ऐपत कळते. श्रीमंत देशांतसुद्धा कमी ऐपतीच्या घरातली मुलं नाश्ता जास्त वेळा चुकवतात, फळं कमी खातात, कमी खेळतात आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, असं त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आपल्याकडे ते प्रश्न चालणार नाहीत. पण वर्गशिक्षकांना आपले प्रश्न सहज तयार करता येतील. घरी पाणी कुठून येतं आणि ते कोण भरतं? सकाळी चूल कोण पेटवतं? शाळेला येताना किती चालावं लागतं, बस कितीची? वर्षातले किती महिने आईवडील गावाबाहेर असतात? लघवीला लागलं तर शाळेत जातेस की घरी जाईपर्यंत थांबतेस? रात्री अभ्यासाला दिवा आणि जागा आहे का? ही उत्तरं वर्गासमोर मोठ्याने विचारू नयेत. चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घेतली तरी पुरे. अशी एका वर्गाची चिठ्ठीपेटी वाचली, तर कोणत्या सल्ल्याला आपल्या शाळेत अर्थ आहे आणि कोणत्याला नाही हे शिक्षकांना लगेच कळेल.

रक्त आणि ताट

सगळ्यात आधी रक्ताबद्दल, कारण या वयातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी दिसणारी अडचण तीच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५७ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. देशभरात त्याच वयाच्या सुमारे ३१ टक्के मुलग्यांमध्ये ते आढळलं. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला ॲनिमिया आहे असं धरतात. बारा ते चौदाच्या मुलग्यालाही हीच रेषा, पंधरानंतर त्याच्यासाठी ती १३. मुलगी आळशी झाली, अभ्यासात लक्ष नाही, जिना चढताना दम लागतो, केस गळतात, माती किंवा पाटीची पेन्सिल खावीशी वाटते, अशी तक्रार असेल तर रागावण्याआधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याच कामाची आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी आहे, शाळा सुटलेल्या मुलींना ती अंगणवाडीतून मिळायला हवी. गोळीमुळे मळमळतं म्हणून मुलं ती खिडकीतून फेकतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. यात मुलांचा दोष थोडा आहे. मुलगी सकाळी काळा चहा आणि टोस्टावर घरून निघालेली असते. अशा रिकाम्या पोटी लोहाची गोळी दिली की मळमळणारच, एकीला उलटी झाली की सगळा वर्ग घाबरतो. गोळी जेवणानंतरच द्या. आठवीपर्यंतच्या मुलांना शालेय पोषण आहाराचं ताट संपल्यावर, शिक्षकांच्या समोर, पाण्याबरोबर. घरी घ्यायची असेल तर रात्रीच्या जेवणानंतर घेतली तरी चालते. आधी आणि नंतर तासभर चहा नको. शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं आधीच सांगून ठेवलं तर निम्मी भीती जाते. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळीही चुकवू नका, ती चावून खायची असते. पोटात जंत असतील तर खाल्लेलं लोह अंगी लागत नाही.

ताटाचं बोलायचं तर आपल्या भागात लोहाची गरिबी नाही. अंबाडीची भाजी, चिवळ, तरोटा, घोळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, तीळ, जवस, शेंगदाणे, तुरीचं आणि मुगाचं वरण, बाजरीची भाकरी हे सगळं इथलंच आहे. पालेभाजीवर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा, कच्चा टोमॅटो असला की त्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. मांसाहार करणाऱ्या घरात अंडी, मटण, काळीज मुलींच्या ताटातही पडलं पाहिजे. मी मुद्दाम ‘मुलींच्या ताटातही’ म्हणतो, कारण अजून पुष्कळ घरांत मुलगी आईबरोबर सगळ्यात शेवटी जेवते आणि तेव्हा कढईत रस्साच उरलेला असतो. घरात फक्त जेवायचा क्रम बदलला, सगळे एकत्र बसले, तरी कुठलाही खर्च न करता मुलीच्या आहारात फरक पडतो. पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट आणि बसस्टँडवरची कचोरी यांच्यावर बंदी घालण्यापेक्षा मुलाच्या खिशात मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा द्या. घरून निघताना पोट रिकामं असेल तर अकरा वाजता तो पाकीटच घेणार.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. तीन महिने नियमित गोळ्या घेऊनही रक्त वाढलं नाही, हातपाय, पाठ सारखी ठणकते, डोळे पिवळसर दिसतात, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही दलित व इतर मागासवर्गीय समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. २०२३ पासून देशभर चालू असलेल्या सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी मोफत होते. अशा मुलाला डॉक्टरला न विचारता लोहाच्या गोळ्या देत राहू नका. आणि तपासणीचा निकाल ही त्या मुलाची खाजगी बाब आहे. तो गावात, वर्गात सांगितला जाऊ नये. लग्नाच्या बाजारात तर मुळीच नाही.

आता असमानतेची एक गोष्ट, जी फार थोड्यांच्या लक्षात येते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. मुलगी नववीत गेली, अंगाची भूक वाढली, पाळी सुरू झाली, शाळा लांबच्या गावाला गेली, की नेमकं तेव्हाच दुपारचं ताट बंद होतं. १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी केंद्राची किशोरी योजना आहे, पण ती ईशान्येकडची राज्यं सोडली तर आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांपुरती आहे. महाराष्ट्रात असे चार जिल्हे आहेत, त्यात आपल्या शेजारचा वाशीम आहे आणि बुलढाणा नाही. लोणार तालुक्यातली मुलगी आणि शेजारच्या रिसोडची मुलगी एकाच पिकाच्या, एकाच पावसाच्या भागात वाढतात. एकीला ही योजना लागू आहे, दुसरीला नाही. हे आपण बदलेपर्यंत नववी-दहावीच्या वर्गशिक्षकांनी डबा न आणणाऱ्या मुली कोण आहेत हे शांतपणे पाहून ठेवावं. गावातल्या बचत गटाने, माजी विद्यार्थ्यांनी, दानशूर शेतकऱ्याने हायस्कूलच्या अशा मुलांसाठी दुपारच्या उसळ-भाकरीची सोय केली, तर ती देणगी शाळेच्या रंगवलेल्या कमानीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

पाणी, शौचालय आणि पाळी

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विहीर, बोअर खारट आहे. मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालू आहे आणि वान धरणावरच्या १४० गाव योजनेचं पाणी ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी काय होतं हे तिथल्या आयाबहिणींना विचारा. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो जार विकत घेतो. ज्याच्याकडे नाहीत त्याचं मूल बोअरचं पाणी पितं, किंवा पाणी कमी पितं. शाळेने पाण्याची टाकी किती वेळा धुतली आणि पाणी शेवटचं कधी तपासलं, हे फलकावर लिहावं. ग्रामपंचायत आणि आरोग्य विभागाकडून पाण्याचे नमुने तपासून घेता येतात. शाळा व्यवस्थापन समितीने ते मागावं.

मुलींचं पाणी कमी होण्याचं कारण दुसरंच असतं. शाळेत शौचालय आहे, पण त्याला कडी नाही, आत पाणी नाही, किंवा ते मुलांच्या वर्गासमोरून जाऊनच गाठावं लागतं. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दिवसभर लघवी दाबून ठेवतात. त्यातून लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप सुरू होतो. अशी तक्रार आली तर घरगुती उपायांत आठवडा घालवू नका, दवाखान्यात न्या. आणि मुख्याध्यापकांनी एक दिवस स्वतः शिक्षिकांना सोबत घेऊन मुलींच्या शौचालयात पाण्याची बादली, कडी, कचऱ्याचा डबा आहे का हे पाहावं. शिक्षण हक्क कायद्याने मुलामुलींची वेगळी शौचालयं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी सक्तीचं केलं आहे, ही मागणी करताना कुणाचे उपकार मागायचे नाहीत.

पाळीबद्दल आईने, मोठ्या बहिणीने, शिक्षिकेने पहिल्या पाळीआधीच बोलावं. दहाव्या-अकराव्या वर्षी बोललं तर लवकर होत नाही. जनऔषधी केंद्रात सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळतं. कापड वापरायचं असेल तर ते सुती असावं, साबणाने धुऊन उन्हात वाळवावं, कपाटामागे ओलसर अंधारात नव्हे. ‘दूर बसणं’ घरात चालत असेल तर त्या चार दिवसांत मुलीची शाळा, आंघोळ आणि जेवण यांपैकी काहीही कमी होणार नाही, निदान एवढं तरी ठरवा. मला विचाराल तर ती प्रथाच सोडून द्यावी. सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, दोन-तीन तासांत पॅड भिजणं, दुखण्याने शाळा बुडणं, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी न येणं, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची समुपदेशन केंद्रं आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा ती भाग आहेत. वाढीच्या वयातल्या शंका, पाळी, मुरुमं, हस्तमैथुनाची भीती, व्यसन, नैराश्य या सगळ्यांवर तिथे मोफत आणि खाजगीत बोलता येतं. आशाताईंकडून जवळचं केंद्र कुठलं आणि कोणत्या दिवशी उघडं असतं ते विचारून ठेवा.

अंगाची लाज पाळीपुरतीच नसते, म्हणून शेगाव तालुक्याची आठवण इथे करायला हवी. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडलं. अठरा गावांत पावणेतीनशेहून जास्त लोकांना हा त्रास झाला आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक तपासाला आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे आणि रुग्णांच्या शरीरात कमी झालेल्या झिंककडे लक्ष वेधलं. पण त्याआधी ‘टक्कल व्हायरस’ची अफवा गावोगाव पोचली होती. कॉलेजच्या मुलामुलींनी लाजेने बाहेर पडणं सोडलं, काहींनी डोकं भादरून घेतलं, त्या गावांच्या सोयरिकींवर परिणाम झाला. असं काही पुन्हा घडलं तर गावाने दोन कामं करावीत. पहिलं म्हणजे उपकेंद्राला त्याच दिवशी कळवणं. तेल, लेप, गंडेदोरे विकणाऱ्यांना दारात येऊ देऊ नये. दुसरं म्हणजे मुलांची शाळा-कॉलेज चालू ठेवणं आणि वर्गात त्यांची थट्टा होणार नाही याची जबाबदारी शिक्षकांनी घेणं. आजार अन्नातून, पाण्यातून आला असेल तर त्याची झळ रेशनवर जगणाऱ्या घरांना जास्त बसते. त्यांच्या मुलांना वरून लाजही सोसायला लावू नये.

पुडी

तंबाखूबद्दल मुलांना कर्करोगाची चित्रं दाखवतात. मुलं दोन दिवस घाबरतात, मग विसरतात. खरं कारण ओळखा. सोयाबीन सोंगणीला, कापूस वेचायला, वीटभट्टीवर गेलेल्या मुलाला तंबाखू-चुन्याने भूक लागत नाही, कामाचा कंटाळा येत नाही, आणि मोठ्यांत घेतलं जातं. पहिली पुडी बहुतेक वेळा तो वडिलांसाठी किंवा काकांसाठी दुकानातून आणतो. म्हणून पहिला नियम घरातल्या मोठ्यांसाठी: मुलाला पुडी आणायला पाठवू नका. मुलींच्या बाबतीत मिश्रीने दात घासण्याची सवय आजीकडून येते. तीही तंबाखूच आहे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी मध्य प्रदेशच्या सीमेवरून आलेला माल पकडल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात नेहमी वाचायला मिळतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलाला ते दिले तर बालन्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दुकानदार गावातलाच, नात्यातला असतो, त्यामुळे तक्रार करणं जड जातं. अशा वेळी सरपंच, मुख्याध्यापक आणि चार पालक एकत्र दुकानात जाऊन बोलले, कायद्याचा कागद दाखवला, तर बहुतेक दुकानदार ऐकतात. नाही ऐकलं तर पोलीस ठाण्यात लेखी द्या.

मुलगा खातो अशी शंका असेल तर मारू नका. त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालून पाहायला सांगा. तीन बोटं जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तर दंतवैद्याकडे न्या. तोंड आखडणं सुरू झालं असतं आणि या टप्प्यावर सोडलं तर पुढचं टळू शकतं. सोडण्यासाठी मदतीचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड, डोकेदुखी होते. त्या दिवसांत मुलाला घालूनपाडून बोलू नका, जिभेला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, खारे चणे द्या.

खेळाचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना या वयात रोज तासभर अंग हलवायला सांगते. आपल्याकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर धावतात, ते चांगलं आहे, फक्त वाहनांना दिसतील असे फिके कपडे घाला आणि ताकदीच्या नावाखाली कुणी दिलेलं इंजेक्शन घेऊ नका. मुलींचा खेळ मात्र आठवीनंतर बंद पडतो. शाळेने आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त मुलींसाठी ठेवलं तर कबड्डी, खो-खो, लंगडी आपोआप सुरू होतात. घरकाम आणि शेतकाम करणाऱ्या मुलीला ‘व्यायाम कर’ म्हणू नका. तिला झोप हवी असते. पाणी भरणं, भांडी, लहान भाऊ सांभाळणं यातलं अर्धं काम भावाकडे द्या. मोबाइलबद्दल मी एवढंच म्हणेन की रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन, वडिलांचासुद्धा, एका जागी चार्जिंगला लावावेत.

मन आणि फवारणीचं औषध

२००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात बुलढाणा होता. ज्या घरात बापाने असं केलं, त्या घरातला पंधरा वर्षांचा मुलगा रात्रीतून कर्ता होतो. कर्ज, आईचं औषध, बहिणीचं शिक्षण त्याच्या डोक्यावर येतं आणि बाहेरून तो शहाणा, समजूतदार दिसू लागतो. शिक्षक त्याचं कौतुक करतात. त्याच्याशी बोला. जो मुलगा एकाएकी गप्प झाला, मित्रांत जाईना, आवडत्या वस्तू वाटून टाकायला लागला, ‘माझं ओझं होतं’ असं म्हणू लागला, त्याला सरळ विचारा की जीव नकोसा वाटतो का. असं विचारल्याने डोक्यात तो विचार शिरत नाही. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावून द्या. मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं.

आणि एक काम आजच करा. फवारणीचं औषध घरात, पलंगाखाली, धान्याच्या कोठीजवळ ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली मोठ्या माणसाकडे असू द्या. रागाच्या भरात, निकालाच्या दिवशी, भांडणानंतर मुलं जे हाताला लागेल ते उचलतात. तो क्षण टळला तर बहुतेक मुलं पुन्हा तिकडे वळत नाहीत. मुलांना फवारणीलाही पाठवू नये, पंप धुवायलाही नाही.

मुलीला किंवा मुलाला कुणी नको तसं हात लावल्याचं कळलं, तर सगळ्यात आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातल्या पाळा इथल्या आश्रमशाळेतल्या अत्याचाराने जिल्हा हादरला होता. घरापासून लांब, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना सांगायला माणूस नसतो. अशा मुलांच्या पालकांनी दर आठवड्याला फोनवर मुलाशी एकट्याशी बोलावं. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. ती पेटी कोण उघडतं, किती दिवसांनी उघडतं, हे पालक सभेत विचारा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

लग्न

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९०८ होत्या. २०१५ मध्ये ‘बेटी बचाव, बेटी पढाव’ सुरू झालं तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपण होतो. ज्या मातीत जिजाऊ जन्मल्या तिथली ही स्थिती. त्या आकड्यातली मुलं आज कॉलेजच्या आणि लग्नाच्या वयात आली आहेत. मुली कमी आहेत म्हणून त्यांना मान मिळाला असता तर बरं झालं असतं, पण झालं उलटं: स्थळं लवकर येऊ लागली.

बालविवाह करणाऱ्या बापाला निर्दय समजून काम होत नाही. आईवडील सहा महिने कारखान्यावर जाणार, मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, हा त्याचा प्रश्न खरा असतो. दहावीनंतरचं कॉलेज लांब, शेवटची एसटी पाचला, रस्त्यात छेड. मग ‘चांगलं स्थळ आहे’ म्हणून सोळाव्या वर्षी उरकतात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणून उचल मिळते, हेही कारण आहे. म्हणून समजावायला जाताना हात हलवत जाऊ नका. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, समाजकल्याण आणि आदिवासी विभागाची वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज सोबत न्या. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, मानव विकासच्या बसेस आहेत. आठ लाखांखालच्या उत्पन्नाच्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क २०२४-२५ पासून सरकार भरतं, हे कितीतरी बापांना अजून माहीत नाही. बस नसेल तर ठराव करून आगारप्रमुखांकडे जा. एका गावाची संध्याकाळची फेरी सुरू झाली तर चार लग्नं थांबू शकतात.

आणि तरीही तारीख ठरलीच, तर कायदा वापरायला संकोच करू नका. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ वर नाव न सांगता कळवता येतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत आहे. लग्न लावणारे, आचारी, मंडपवाले, वऱ्हाडीही त्यात येऊ शकतात. अठराच्या आत बाळंतपण आलं तर आधीच रक्त कमी असलेल्या त्या मुलीचा जीव पणाला लागतो, बाळही कमी वजनाचं होण्याची शक्यता जास्त असते. लग्न झालंच असेल तर तिला दूर लोटू नका. तिला शाळेत परत आणा, आशाताईंकडे नाव नोंदवा, पहिलं मूल लांबवण्यासाठी गर्भनिरोधकांची माहिती तिला आणि तिच्या नवऱ्यालाही द्या.

हे सगळं एकट्या पालकाला झेपणारं नाही, त्यासाठी ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच गावांत त्यातून खुर्च्या, ताटवाट्या येतात. येत्या ग्रामसभेत हात वर करा आणि विचारा की या वर्षी ते पैसे किती होते, कशावर गेले. शाळेच्या शौचालयाला कडी आणि पाणी, नववी-दहावीच्या मुलींसाठी दुपारचं जेवण, वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासणी, पॅडचा साठा, एवढ्या चार गोष्टींचा ठराव लिहून न्या आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. सोबत एखाद्या मुलीला न्या. ठराव तिने वाचला तर जास्त बरं.